आडनाव

मला पैसे कॉलम-सेंटिमीटरवर मिळतात,
म्हणून कुणाचं काय झालं हे कळायच्या आधी
किती होईल, ते मनात मोजून होतं.

गणेशगुळ्याच्या रिसॉर्टमधला पुण्याचा अद्वय, वय सात,
दुपारी तीनला दिसेनासा झाला
आणि पाच-वीसला सापडला,
ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत, जाळ्यावर गाढ झोपलेला.
तेवढ्यात चॅनेलच्या दोन गाड्या भाट्याचा पूल ओलांडून आल्या,
वर ड्रोन, खाली बावरलेले बगळे,
आणि माझ्या मोबाइलवर अकरा फोटो:
घोड्यावर, केकसमोर,
एकात नुसता पडलेला दात.
दुसऱ्या दिवशी चार कॉलम.
आजीने बोललेला नवस वेगळ्या चौकटीत.
चौकटीचे पैसे वेगळे मिळाले.

मनसरा त्याच्या सहा दिवस आधी गेली होती.
पूर्णगडच्या वर, कातळावरच्या साळवींच्या कलमांत
तिचा बाप दिवसा वानर हाकतो, रात्री बॅटरी मारत फिरतो.
चार वेळा चौकीत गेला.
'गेली असेल गावाला,' हवालदार म्हणाला.
नऊ वर्षांची, नेपाळला, एकटी?
हे मी विचारायला हवं होतं.
मी तेव्हा तिथेच होतो, चहा पीत.

फोटो एकच, ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये,
तोही आंब्याच्या पेट्यांचा.
ती मागे, अर्धी, हातात पेंढा.
पेट्या मात्र स्पष्ट आल्या होत्या.

तरी पाठवली बातमी. एक कॉलम, चार सेंटिमीटर.
रात्री डेस्कवरून फोन:
'वय नऊ, आणि पुढे बुढा काय लिहिलंय?'
म्हटलं, आडनाव आहे ते.
तिकडे कुणीतरी मोठ्याने हसत होतं, दुसऱ्याच कशाला तरी.
सकाळी छापून आलं:
परप्रांतीय मनसरा बुडाली.
चाराचे दोन सेंटिमीटर झाले होते.

हवालदाराने कात्रण वहीत चिकटवलं.
शोध थांबवायला कागद लागतो.

'खुलासा मागतंय कोण?' संपादकांनी विचारलं.
चिडून नाही. खरंच विचारलं.

पुढच्या आठवड्यात बागेत गेलो तर
पेट्यांच्या तळाशी आमचाच अंक अंथरत होते.
तिचा भाऊ पुनाराम, झेडपीच्या शाळेत दुसरीला,
एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत होता.
आई हातातला आंबा तसाच धरून ऐकत होती.
बु. डा. ली.
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
'काका, आमचं आडनाव चुकलंय.'

'हो,' मी म्हटलं. 'चुकलंय.'

त्याने माझ्या खिशातलं पेन मागितलं.
ली खोडली. डावर बराच वेळ घालवला,
त्याला अजून ढ नीट जमत नाही.
मग आईने त्यावर पेंढा पसरला,
पेंढ्यावर आंबे, देठ वर,
आणि संध्याकाळच्या टेम्पोने
पेटी वाशीला गेली.