खिडकीचं विचारणे

तार्तूच्या जलमापन कचेरीत
एंडेल निवृत्त झाला, आणि त्रीनूच्या वाट्याला आली
त्याची एकच फाईल, साध्या मजकुराची.
ना रंग, ना रकाने.
तारीख, नदीची पातळी, मध्येच कुठे
चौकटी कंसात रिकामी जागा:
बॅटरी बदलणे. पावतीवर सही.
झालं की कंसात फुली.

रोज सकाळी ती शोधते रिकामे कंस,
कालचं उचलून आजच्या तारखेखाली ठेवते,
शिळं गरम करून वाढावं तसं.

एक ओळ मात्र संपत नाही:
खिडकीचं विचारणे.
कुठली खिडकी? कुणाला?
फोन केला तर एंडेल हसला,
"ती माझ्याही आधीची."

आज नदी गोठली. नोंद: बर्फ.
फुलीच्या कळीवर बोट ठेवून
त्रीनू थांबली,
उठली, खिडकी उघडून पाहिली,
लावली.

ओळ उद्यावर.