कोकराची बेंबी

आमच्याकडे या अळंबीला कोकराची बेंबी म्हणतात.
मुगलाच्या डोंगरात, मार्च सरता सरता
रात्री पाऊस, सकाळी ऊन
असं दोन-तीनदा झालं
की बायका एकमेकींशी बोलणं कमी करतात.
वय विचारा, सांगतील.
सोनं कुठे पुरलंय तेही सांगतील एखादवेळ.
अळंबी कुठे सापडली, ते नाही.
‘तिकडे, वर,’ म्हणतात
आणि हनुवटीने अख्खा डोंगर दाखवतात.

यंदा डोंगरच नव्हता दाखवायला.
ऑगस्टात जळाला. नऊ दिवस.
वरच्या सपाटीवर सासऱ्यांच्या मधाच्या पेट्या होत्या,
एकशे चाळीस, निळ्या रंगवलेल्या.
पत्र्याची झाकणं तेवढी उरली.
तेव्हापासून बेकिरबाबा दारात स्टुलावर बसतात,
चहा ढवळत राहतात,
पीत नाहीत.

मी गेले. एकटी, झुंजूमुंजू होताना,
कोपऱ्यातली त्यांचीच काठी घेऊन.
काळ्या खोडांमधून चालताना
पावलांचा आवाज येत नाही, राख गिळते.
आधी काही दिसत नाही.
वाकायचं, डोळे बारीक करायचे.
पाइनचं जळकं बोंड. दगड. बोंड. पुन्हा बोंड.
मग एक बोंड बोंड नसतं.
एक दिसली की दहा दिसतात,
जणू मघापासून त्याच बघत होत्या
ही बाई कधी शहाणी होते ते.

तपकिरी, जाळीजाळीच्या,
घरंच घरं, कुणीतरी घाईत बांधलेली,
भिंती जरा वाकड्या.
मी गुडघ्यावर बसले
तर गुडघ्याखाली पत्रा वाजला.
कडेला निळा पोपडा.

चाकूने देठ कापायचं, मूळ तिथेच ठेवायचं.
टोपली विणलेलीच हवी,
म्हणजे बी गळत राहतं वाटेवर.
हे सासूबाईंचं. त्या गेल्या,
त्यांची टोपली आहे.

मशिदीपाशी साब्रीचा टेम्पो उभा होता.
मोठ्या वेगळ्या, मुक्या मारलेल्या वेगळ्या.
‘जळिताच्या ना, झेलिहा? छान वाळतात.
फ्रान्सला जातील.’
चार किलो भरल्या.
नोटा मोजताना मी मनात हिशेब केला:
सहा पेट्या येतील. रिकाम्या.
अकरा अळंब्या ओढणीत होत्या,
त्या मी तराजूला दाखवल्याच नाहीत.

कच्ची खाऊ नये, पोट फाडते.
उभी चिरायची. आत पोकळ असते,
काही नाही, नुसती पांढरी भिंत.
मिठाच्या पाण्यात टाकली
की मुंग्या वर येतात, लपलेल्या पाहुण्यांसारख्या.
खिडकी उघडायची. शेळीचं लोणी, एक कांदा,
पाणी सुटेल, ते आटू द्यायचं,
आणि त्यानंतरही थांबायचं.

वास सुटला. ओल्या लाकडाचा, थोडा मटणाचा,
थोडा, कितीही धुतली तरी, धुराचा.
त्या धुराने स्टूल सरकल्याचा आवाज आला.
मला वाटलं, आता ओरडतील.

बेकिरबाबा ओट्यापाशी आले.
पाटावर एक अळंबी राहिली होती, न चिरलेली.
ती उचलली. उजेडात फिरवली.
एका घरात करंगळीचं नख घातलं,
मग शेजारच्या.
मग ती कानाला लावली.

मी गॅस बारीक केला.
लोण्याची चुरचुर थांबेपर्यंत बारीक केला.

बऱ्याच वेळाने त्यांनी ती खाली ठेवली.
‘कुठे सापडली?’
हे विचारायचं नसतं, हे त्यांनाही माहीत.
मी हनुवटी उचलली.
‘तिकडे. वर.’

त्यांनी पाव मोडला, कढईतच बुडवला,
उभ्याउभ्या चावत राहिले.
‘मीठ कमी आहे,’ म्हणाले.
दुसरा तुकडा. तिसरा.
हाताला लागलेलं लोणी दाढीला पुसलं.

‘माझी काठी कुठे ठेवलीस?’