कोणता खांदा

डुलुथच्या हॉस्पिटलात, तळघरात, तिसऱ्या टेबलावर
माझं काम दुखण्याला आकडे देण्याचं.
पेशंट मला दिसत नाहीत.
त्यांचे कागद तेवढे दिसतात.

आज आर्विड कोस्केला. वय एकसष्ट,
पूर्वी लोहखनिजाच्या बोटीवर डेकवर कामाला.
डॉक्टर ओयेलारन यांच्या दीड ओळी:
बर्फावर घसरून पडला. खांद्याला स्प्रेन.
झोळी, शेक, दहा दिवसांनी परत.

कोणता खांदा?
माणसाला दोन असतात, डॉक्टर.

उजव्याला एक, डाव्याला दोन,
कुणी काहीच बोललं नाही तर नऊ.
एस त्रेचाळीस पॉइंट चार शून्य,
आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.
नऊ टाकला तरी संगणक कुरकुरत नाही.
कुरकुरते ती विमा कंपनी, महिन्याभरानं,
आणि बिल जाऊन पडतं
आर्विडच्या टपालपेटीत.

मी फाईल चाळते.
दोन वर्षांपूर्वीची सही: घट्ट,
दोरखंडाला मारलेल्या गाठीसारखी.
आजची मात्र लहान पोरानं भिंतीवर ओढलेली.
डाव्या हातानं केलीय.
म्हणजे उजवा.

मला कळलंय, पण माझं कळणं चालत नाही इथे.
लिहिलं नाही ते झालं नाही,
हे बर्निस स्टाउटनं पहिल्याच आठवड्यात
माझ्या डोक्यात पक्कं ठोकलं होतं.
'उजवाच ना?' असंही विचारायचं नाही,
उत्तर प्रश्नाच्या खिशात ठेवायचं नाही.
म्हणून कोरडं लिहिते:
कृपया बाजू नोंदवावी.
तसंच स्प्रेन की स्ट्रेन?
अस्थिबंध की स्नायू?
(एवढ्याशा अक्षरावरून
माणूस पुस्तकाच्या वेगळ्याच पानावर जातो.)

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर:
उजवा. स्प्रेनच.
माफ करा, रात्री एकोणीस जण होते.

मग कसं पडला, कुठे, काय करताना.
बर्फावरून सपाटीवर पडणं: आहे.
फावड्यानं उपसणं: आहे.
घरापुढची खासगी गाडीवाट: तीही आहे.
सत्तर हजार कोड आहेत या यादीत,
कासव चावल्याचासुद्धा.

नर्सच्या नोंदीत, तळाशी, एक ओळ उरते:
गाडीवाट पूर्वीच्या पत्नीची.
तिचं खुब्याचं ऑपरेशन झालंय.
तिला कळवू नका म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी मोडलेल्या घरापुढचा बर्फ
पहाटे पाचला, दिवा न लावता,
कुणीतरी काढतं
याला आकडा नाही.
मी दोनदा शोधला.
तिसऱ्यांदा शोधला तेव्हा
स्वतःचीच लाज वाटली.

राहिलं शेवटचं अक्षर.
ए म्हणजे उपचार चालू.
भरून येत असताना डी.
मागे काही उरलंच तर एस.

मी ए टाकते.

पुढची फाईल: गुडघा.
डावा. लिहिलाय.