अजून नाही

शेवटचे दोन मैल बैलगाडी समजून हाकायची.
बैलगाडी माझी, सल्ला ऑलरेनशॉ मेकॅनिकचा :
आल्या आल्या किल्ली फिरवू नकोस,
टर्बो गरगरत असतो आत, तेलाविना करपेल.

म्हणून माळावरून बक्स्टनमध्ये उतरले
तिसऱ्या गिअरात, मागच्या व्हॅनचा हॉर्न खात.
आता दारात. इंजिन चालू, मी आतच,
एकशेवीस मोजतेय, मराठीतून,
एकोणऐंशीला नेहमीसारखी अडखळून.
वर पडदा हलतो. बाई आली, पण येत का नाही?

किल्ली.
इंजिन थांबतं, पंखा थांबत नाही,
फोन ठेवल्यावरही बोलत राहणाऱ्या
माझ्या शकूआत्यासारखा.
मग तोही गप्प.
मग नुसतं आकसणारं लोखंड
टिक् टिक्
टिक्

बॉनेटला हात लावू नये, कळतं.
लावला. बोटं तोंडात.

कुंपणाच्या दगडांवर शेजारचं बोकं बसलंय,
रोजच्यासारखं. घाई नाही त्याला.
दव सगळ्या गल्लीवर पडतंय,
एवढ्या एका पत्र्यावर टिकत नाही.

अकरा वीसला ते उतरतं,
एक पंजा टेकवतं,
उचलतं,
परत जाऊन बसतं.