वर्गणीदारांची वही

फणसवाडीत, दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरला लागून
आमच्या त्रैमासिकाचं ऑफिस.
धर्म, तत्त्वज्ञान, आणि गेली सात वर्षं
स्थलांतर-अभ्यास. अनुदान त्यालाच मिळतं.
भिंतीपलीकडे ड्रिल फिरतं, कुणीतरी कळवळतं,
अलीकडे दाभाडकर सर
‘दुःख’मधला विसर्ग राहिला का बघतात.

मी लेख वाचत नाही.
म्हणजे वाचते, पण रॅपर चिकटवता चिकटवता,
खळीचा हात पदराला पुसून, तळटीपा आधी.
तळटीपांत माणसं असतात.
वर नुसतं विस्थापन.

माझं काम वही.
तीनशे बारा नावं. एकेकाला तीन-तीन पत्ते:
एक खोडलेला, एक त्याच्या डोक्यावर,
एक समासात आडवा.
अंक परत येतो तेव्हा भोईर पोस्टमनचा लाल शेरा असतो,
‘गाव सोडून गेले.’
मुंबईला तो गावच म्हणतो.

नायगावचे ओव्हाळ, बौद्ध न्यायावर लिहायचे.
चाळ पाडली. नवा पत्ता फोनवर सांगितला:
संक्रमण शिबिर, खोली चारशे सतरा.
सर मान वर न करता म्हणाले,
संक्रमण, हा पारिभाषिक शब्द कुणाचा?
म्हटलं, म्हाडाचा.

वालकेश्वरचे शहा. कर्म आत्म्याला कसं चिकटतं
यावर दर अंकाला पाच पानी पत्र.
मग मुलाचं पोस्टकार्ड: पप्पा गेले, अंक बंद करा.
खाली बारीक अक्षरात,
उरलेली वर्गणी परत मिळेल का.
सरांनी एकशे चाळीस रुपयांचा चेक लिहिला
आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

आणि भायखळ्याच्या रिवका आवासकर,
आता अश्दोदला, मुलाकडे. तिथूनही वर्गणी येते,
भाच्याच्या हाती, पाकिटात, वर्षाची एकदम.
विशेषांकात त्या होत्या.
मुलाखत क्रमांक नऊ: र., स्त्री, वय चौऱ्याहत्तर.
‘मायभूमीच्या उल्लेखाने र. यांना अश्रू अनावर झाले,’
त्यावर अडीच पानांचा निष्कर्ष.

त्यांचं पत्र आलं, निळ्या शाईत, सुबक बोरूवळणात.
मी रडले नव्हते, बाई.
कांदा चिरत होते.
मलिद्याचे पोहे भिजायचे होते, माणसं यायची होती,
आणि त्या मुलीला परतीचं विमान.
मी रडले त्या आदल्या मंगळवारी.
ते तिने विचारलं नाही.
शुद्धिपत्र छापाल का?

सर म्हणाले, जागा नाही. शिवाय
लेख दोन तज्ज्ञांनी तपासलेला आहे.
मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून
तीनशे बारा चिठ्ठ्या काढून आणल्या, पदरच्या पैशाने.
पान एकशे सहा, ओळ चौथी.
अश्रूऐवजी कांदा असे वाचावे.
पुढच्या अंकात एकेक सरकवली.
सरांना कळलं असावं. बोलले नाहीत.
पलीकडे ड्रिल बराच वेळ बंद होतं.

एक पत्ता मात्र मी बदललेला नाही.
कर्मचाऱ्याला एक अंक फुकट असतो. माझा जातो
ताडदेवला, जुन्या खोलीवर,
जिथून आम्ही नऊ वर्षांपूर्वी निघालो,
पितळी पिंप दारातून निघेना म्हणून तिथेच ठेवून.
तेव्हापासून छत्तीस अंक.
एकही परत आला नाही.
भोईर म्हणाला, तिकडची बीट माझी नाही,
घेत असेल कोणीतरी.

कोण घेतं?
मराठी वाचता येतं का त्यांना,
की मुलांच्या वह्यांना कव्हरं होतात,
की मोरीच्या कट्ट्यावर, जिथे भिंत ओल धरायची,
तिथे थप्पी लावून ठेवलीय?
पिंपात पाणी भरतात का?

परवा नवा अंक आला. विषय, ‘घर: एक संकल्पना’.
रॅपरवर माझंच नाव घातलं, खोली नंबर सात,
पिनकोड न बघता.
खळ जरा जास्तच लागली.