मागची बाजू

तापकीर गल्लीत, वायरींच्या भेंडोळ्यांखालून
वाकून यावं लागतं माझ्या दुकानात.
एकतीस वर्षं झाली,
मी टीव्ही मागून बघतोय.

पुढून तुम्ही बघता.
कुणाचं लग्न मोडलं, शेवटच्या षटकात किती हवे होते,
मला विचारू नका.
मी धुळीवरून घर सांगतो.
नारायण पेठेतली करडी, उदबत्तीची, बोटाला चिकटणारी.
हडपसरची खरखरीत, ट्रकची.
एका सेटमध्ये पालीची दोन अंडी निघाली होती,
एकात चार आण्याचं नाणं,
पोरानं गल्ला समजून फटीतून टाकलेलं.
एकात चष्म्याची काडी. ती न्यायला कुणी आलं नाही.

खोक्यांचे दिवस होते तेव्हा खळदकर सर आले.
भूगोल शिकवायचे, नुकतेच निवृत्त.
म्हणाले, "घूस आहे ही, घूस. आयुष्य कुरतडते.
हिशेब केलाय मी.
रोजचे साडेतीन तास म्हणजे वर्षाला त्रेपन्न दिवस.
तेवढ्यात माणूस संस्कृत शिकेल!"
मी म्हटलं, "मग नको करू दुरुस्त?"
सर सोल्डरिंगच्या धुराकडे बघत राहिले.
"कधी मिळेल?"

शनिवारी, म्हटलं.
मंगळवारी आले.
बुधवारी आले.
गुरुवारी गल्लीत लाइट नसते, तरी आले,
अंधारात स्टुलावर बसले.
"काल संस्कृतचा कोश काढला," म्हणाले,
"अ पासून सुरुवात केली. अजीर्णपर्यंत पोचलो.
घड्याळात बघतो तर पावणेआठ."

सेट घरात असला की माणसं म्हणतात, वेळ वाया जातो.
सेट माझ्याकडे पडला की
तीच माणसं म्हणतात, वेळ जात नाही.
या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत
माझं दुकान आहे, सात बाय नऊ.

शनिवारी सर सेट घेऊन गेले.
"आता पुन्हा कुरतडणार," म्हणाले,
आणि रिक्षावाल्याला, "खड्डे बघून चालव रे."

आता सेट चपटे झाले, धूळ कमी बसते.
सरांचा हिशेब मात्र डोक्यात राहिला माझ्या,
आणि परवा तो मी घरी वापरला.
पुष्पलता आठ ते साडेअकरा मालिका बघते,
एकीतून दुसरीत, उठत नाही.
मी म्हटलं, "वर्षाचे त्रेपन्न दिवस घालवतेस तू."

तिनं मान वळवली नाही.
"काढून द्या की मग," म्हणाली,
"स्क्रू खोलून सगळं काढता ना तुम्ही मागून,
माझे त्रेपन्न दिवसही काढा."
आणि जरा थांबून,
"मेसच्या पोळ्यांचे किती होतात,
तेही सांगा एकदा."

पहाटे चारला तिची परात वाजते.
नऊपर्यंत अडीचशे पोळ्या.
बिलबुकाच्या पाठीवर मी गुणाकार केला,
वर्षाचे शहात्तर दिवस.
कागद घडी करून खिशात ठेवला. दाखवला नाही.

मग तिच्या शेजारी बसलो,
किती वर्षांनी, पुढच्या बाजूला.
पडद्यावर एक बाई पाकीट फोडत होती.
चार मिनिटं झाली, फोडतच होती.
पुष्पलता म्हणाली, "तिला माहितीये आत काय आहे.
म्हणून वेळ काढतेय."

मला डाव्या कोपऱ्यात काळसर पट्टा दिसला.
बॅकलाइट जाणार, फार तर आठवड्यात.
बोललो नाही.
जाहिरात लागली तेव्हा तिनं
मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.