उतारा

काचसामानाच्या खिडकीमागे
एकवीस वर्षं बसलेय मी, युव्हास्क्युलाच्या या तळ्याकाठी.
पदवीच्या नियमावलीत माझा उल्लेख नाही,
पण शेवटचा शिक्का माझ्याकडे असतो:
कपाटाची किल्ली परत,
चंबू मोजून परत,
फुटल्याचे पैसे भरले.
त्याशिवाय कुणी रसायनशास्त्रज्ञ होत नाही,
निदान या इमारतीत तरी.

मे महिना. तळ्यावरचा बर्फ
परवा न सांगता गेला.
सैमी राउतासालो खिडकीशी आली
हातात यादी, डोळ्यांखाली तीन रात्री.

एकशेऐंशी श्रेयांक लागतात. तिचे एकशे अठ्ठ्याहत्तर.
दोन अडकलेत स्वीडिशच्या तोंडी परीक्षेत,
जिथं बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलंस,
आणि हिला त्या भाषेतला
एकच शब्द आठवला: गाळणी.

हसलो दोघी. मग यादी.

चंबू तीन. कंडेन्सर दोन.
नरसाळं आहे, पण त्याची तोटी?
"ती मार्चमध्ये गेली," म्हणाली,
घरातलं कुणी गेल्यासारखं.

मार्चमध्ये काय काय गेलं, मी पाहिलं होतं.
बर्चची साल तिनं आणलेली
वडिलांच्या सरपणाच्या ढिगातून,
दोन पोती, बसमधून, शेजारच्या सीटवर बसवून.
सालीतून पांढरी भुकटी निघते. निघाली.
ती तर शाळेतल्या पोरांनाही निघते.
पुढची पायरी मात्र रुसली.
सात वेळा केली,
सात वेळा तळाशी मधासारखा चिकट गोळा,
स्फटिक म्हणून बसायला तयार नाही.
काचेच्या कांडीनं चंबू आतून खरवडत राहायची,
बाहेर दिवस लांबत होते
आणि तिला पत्ता नव्हता.

आठव्या वेळी पदरात पडलं ते चिमूटभर.
उतारा अकरा टक्के.

तिचे मार्गदर्शक वान्नास, शब्द मोजून वापरणारे.
"अकरा लिही."
"लाज वाटते, सर."
"तक्त्यात लाजेला रकाना नाही. अकरा लिही."

प्रबंध झाला, बांधला, दिला.
तरी सुटका नाही.
एक कसोटी उरते, तिचं नावच परिपक्वतेची कसोटी.
बंद खोली, कोरे कागद,
प्रबंध जवळ नाही, फोन नाही,
आपल्या कामाविषयी आपल्याच भाषेत
हातानं लिहायचं.
रसायन कच्चं राहिलं तर एकवेळ चालतं,
वाक्य कच्चं चालत नाही.

"काय आला प्रश्न?"
"ज्याला रसायनशास्त्र येत नाही त्याला समजावा,
तुमच्या प्रयोगात काय जमलं नाही, आणि का."

"मग?"
"बाबांना लिहिलं.
छपरं घालतात ते.
लिहिलं, जुन्या घरांच्या छपरात, मातीखाली,
बर्चची साल अंथरायचे, तुम्हीच दाखवली होतीत.
पाण्याला आत येऊ देत नाही म्हणून.
मी तिलाच सांगत होते,
मला जरा आत घे."

बोलता बोलता तिनं बोटं पाहिली स्वतःची.
अंगठ्याच्या पेराला अजून तो चिकटपणा होता,
की मलाच तसं वाटलं.

तोटीचे चौदा युरो भरले तिनं.
मी शिक्का मारला, जरा तिरका बसला.
"पुरेसा आहे का हा?" तिनं विचारलं.
पुरेसा आहे म्हटलं.

स्वीडिश ऑगस्टमध्ये सुटलं म्हणे.
तोटी मला जूनमध्येच सापडली होती,
सिंकच्या जाळीखाली, धड, एक ओरखडा नाही.
नियमाप्रमाणे चौदा युरो परत करायला हवेत.
त्याचा फॉर्म आहे.
तोटी खणात आहे, फॉर्म तिच्याखाली,
आणि मी रोज खण उघडते
दुसऱ्याच कशासाठी तरी.